करंजाची फांदी

आमच्या फोटोग्राफी मंडळाची बैठक महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, बेळगावातल्या एका शाळेच्या वर्गात भरायची. प्रत्येकानं एक फोटो पडद्यावर लावायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. त्यात आम्हाला मजा येत होती. खानापूरकडच्या भातशेताचा फोटो घेऊन आलेल्या एका बाईंना मी म्हणालो होतो, "हा कॅलेंडरवाल्यालासुद्धा चालायचा नाही." त्या पुन्हा आल्या नाहीत. मला ते माझं यश वाटलं.

सगळे घाबरायचे ते एका निवृत्त चित्रकला शिक्षकांना. माझा फोटो लागला त्या दिवशी ते उठून पडद्याजवळ गेले. संकेश्वरच्या अलीकडच्या एका तळ्याकाठचा एकटा करंज, मागं उसाचे फड आणि सकाळचं धुकं, असा तो फोटो होता. त्यांनी करंजाच्या खालच्या फांदीवर बोट ठेवलं.

"ही क्षितिजाला कापत गेलीय. नजर इथंच अडकते. एवढं दिसत नसेल तर कॅमेरा विका आणि घरी बसा."

सगळे हसले. मीही हसलो.

मंडळाचं वार्षिक प्रदर्शन तोंडावर आलं होतं. मी त्या तळ्यावर परत गेलो. दोन पावलं डावीकडं सरकलं की विजेचा खांब मधे येत होता, उजवीकडं चिखल होता. प्रदर्शनात संगणकावर खोडाखोड केलेला फोटो चालत नसे. झाडाबद्दल नियमात काही नव्हतं. पुढच्या खेपेला मी करवत घेऊन गेलो.

फांदी अर्धी कापून झाली होती तेव्हा म्हैस घेऊन एक म्हातारी आली. ती रोज त्याच फांदीखाली म्हैस बांधून बसायची. माझ्या आधीच्या दोन-तीन फोटोंत ती आली होती. तिला बाजूला व्हायला सांगून मी ते पुन्हा काढले होते.

"काय करालाय वो साहेब? तोडू नगा. ऊन चढलं की म्हशीला हितंच सावली हाय."

"आक्का, तिकडं लांब बांध म्हशीला. फोटोत यायला नको."

तिनं म्हैस लांब नेली. फांदी पडली, मी ती ओढून झाडामागं टाकली आणि धुकं विरायच्या आत फोटो काढला. प्रदर्शनात त्याच्यापुढं उभे राहून शिक्षक म्हणाले, "आता बरोबर झालंय." त्या तीन शब्दांवर मी आठवडाभर हवेत होतो.

पंधरवड्यानं संध्याकाळच्या उजेडासाठी पुन्हा गेलो तर करंजाखाली जमिनीचा मालक उभा होता. म्हातारी म्हशीचा दोर धरून त्याच्यासमोर.

"जळणाला फांदी तोडलीस आन् वर खोटं बोलतीस व्हय गं?" तो ओरडत होता. मला बघितल्यावर त्याचा आवाज उतरला. "बरं झालं आलासा साहेब. ही म्हणती, कॅमेरावाल्यानं तोडली. आता खरं सांगा, तुम्ही तोडलीसा?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. आता सगळं मिटणार, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला मात्र मंडळ आठवलं, तिथं हे कळलं तर काय, असं वाटलं.

"न्हाय," मी म्हणालो. "मी फोटो काढतो. झाडं कशाला तोडू?"

"बघ!" मालक तिला म्हणाला. "उद्यापासनं माझ्या जमिनीत म्हस आणायची न्हाय."

ती माझ्याकडं वळली. मला म्हणाली, "म्या तुमच्या म्हणण्यावर म्हस लांब बांधली, साहेब." आणि ती म्हैस ओढत रस्त्याला लागली. मी कॅमेऱ्याची काच पुसत राहिलो.

मालक मला आग्रहानं घरी घेऊन गेला. गुळाचा चहा झाला. घरच्यांचा एक फोटो काढा म्हणाला. मी सगळ्यांना पायरीवर बसवलं, त्याच्या आईला जरा डावीकडं सरकवलं, धाकट्या सुनेला पदर नीट करायला सांगितलं. उजेड चांगला होता. फोटोही चांगला आला.