बंदीच्या महिन्यातली तपासणी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्या अहवालापायी एका बाईची नोकरी गेली, तो पोकळ आहे हे मला लिहितानाच माहीत होतं.

किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांचे सर्व्हर सांभाळायचं काम आमच्या अलिबागच्या ऑफिसकडे होतं. डिझेलवाटप, बर्फ, सगळ्याची नोंद त्यांच्यावर. प्रत्येक नोंदीमागे सर्व्हर आमच्याकडे स्वतःचीही खबर पाठवायचा: किती तापलोय, जागा किती उरली, काय काम केलं. या खबरींनीच इंटरनेटची लाइन तुंबायची. त्या कमी करणारं अपडेट आलं. ते सगळीकडे नीट लागलंय का, हे तपासायचं काम माझं.

दिवेआगरजवळच्या एका बंदरात मी गेलो तो जुलैत, मासेमारी बंद असताना. सोसायटीची ऑपरेटर तिथल्याच कोळीवाड्यातली, तिशीतली. खबरींचा आकडा एकदम खाली आलेला पाहून मी खूश.

"सर, बोटी वर काढल्यात," ती म्हणाली. "नोंदीच न्हाईत, तर आकडा खालीच असनार. काय काय पाठवतोय ते उघडून बगा ना."

"तुम्ही जाळी विणा मॅडम, सर्व्हर आम्ही बघतो."

"जाळी पन विनते. भोक हाय का ते पान्यात टाकायच्या आधी बगते."

तिचं बरोबर होतं. मला ते कळलंही होतं. पण उघडून ओळ न् ओळ वाचायची तर दुपार जाणार, आणि मला चारची एसटी गाठायची होती. 'तपासले, समाधानकारक' लिहिलं आणि निघालो.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघाल्या आणि पहिल्याच आठवड्यात लाइन तुंबली. डिझेलची नोंद होईना, बोटी धक्क्यालाच अडकल्या. अपडेट मुळात लागलंच नव्हतं.

"तू तपासलं होतंस ना?" साहेबांनी विचारलं.

"तेव्हा ठीक होतं. नंतर तिनं काही केलं असेल."

'केलं असेल' म्हणालो, 'केलंच' म्हणालो नाही, अशी समजूत मी पुष्कळ दिवस घालून घेतली. साहेबांनी माझा अहवाल सोसायटीकडे पाठवला आणि सोसायटीनं तिला काढलं.

परवा बोर्ली पंचतनच्या बाजारात झेरॉक्स काढायला गेलो, तर मशीनशी ती. तिनं मला ओळखलं.

"दोनी बाजू काढू, सर?"

"हो," म्हणालो, आणि कागद घेऊन निघालो.

तिनं वेळेवर सांगितलं होतं आणि खोटं मी बोललो, हे सोसायटीला लिहून देणं आणि तिच्यासमोर उभं राहून तिला सांगणं, ही दोन्ही देणी माझ्याकडे आहेत. अजून एकही दिलेलं नाही.