बापाने मुलीला सांगायचं भाषण

अमेरिकेत रेडमंडला आल्यावर पहिलं वर्ष मी खिडकीशी बसून घालवलं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी त्याच्या व्हिसाला चिकटून आलेली, त्यामुळे नोकरी करायची परवानगी नाही. नागपूरला संस्कृत घेऊन एम.ए. केलं होतं, त्याचा इथे भाजीला फोडणी घालायलाही उपयोग नव्हता. हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारून यायचं. पाऊस म्हणावा तर तो धड पडायचाही नाही, नुसती ओल धरून बसायचा. मला त्या गावाचा मनापासून राग होता.

लायब्ररीच्या बोर्डावर एकदा चिठ्ठी दिसली. मेक्सिकोतल्या अ‍ॅझटेक लोकांची जुनी भाषा, नाहुआत्ल. तिच्यातली गाणी, देवांच्या कथा आणि धर्माचे ग्रंथ वाचायचे आहेत, कोणीही यावं. मी गेले ती कुतूहल म्हणून नव्हे, घराबाहेर पडायला निमित्त हवं होतं म्हणून. नवरा हसला. "यार, त्यापेक्षा स्पॅनिश शिक ना, कुठेतरी यूज तरी होईल." त्याचं चुकलं नव्हतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तशा मी लावायला घेतल्या.

शिकवणाऱ्या बाई विद्यापीठातून निवृत्त झालेल्या. पाठीत वाकलेल्या, सतत खोकणाऱ्या, आणि कौतुकाचा शब्द तोंडातून चुकूनही न काढणाऱ्या. लायब्ररीच्या मागच्या खोलीत आम्ही चार-पाच जण बसायचो. त्या भाषेत एका गोष्टीला दोन शब्दांनी धरायची रीत होती. गावाला म्हणायचं 'पाणी, डोंगर'. कवितेला म्हणायचं 'फूल, गाणं'. गाण्यांतून पुन्हा पुन्हा एकच दुखणं यायचं, की इथे आपण थोडाच वेळ आहोत आणि परत येणं नाही. पुनर्जन्माच्या भरवशावर वाढलेल्या मला ते ऐकून आधी राग आला. पुढे पुढे मात्र त्या खोलीत जेवढं खरं बोललं जातं तेवढं आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवातही बोललं जात नाही, असं वाटायला लागलं.

बाईंचे दोन नियम होते. एक म्हणजे इंग्रजीत भाषांतर करायचं नाही. "इंग्रजीत खूप झालीत. लहानपणी ज्या भाषेत तुम्हाला रागावलं गेलं त्या भाषेत करा," असं त्या म्हणायच्या. दुसरा नियम त्याहून विचित्र होता. त्या लोकांमध्ये वडीलधाऱ्यांनी प्रसंगाप्रसंगाला करायची भाषणं असत, पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालत आलेली. बाळ जन्मलं की सुईणीने करायचं, राजा गादीवर बसला की म्हाताऱ्यांनी करायचं. अशा भाषणाचं भाषांतर ज्या भाषेत केलं असेल, ती बोलणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय बाई ते पुरं झालं असं मानत नसत. त्यांच्याकडे कॅसेटींचा एक खोकाच होता. कोरियन आजोबा, पोलिश आजी, सगळे त्यात बोलत होते.

माझ्या वाट्याला आलं बापाने मुलीला करायचं भाषण. मुलगी जाणती झाली की बाप तिला समोर बसवतो. तिला तो मौल्यवान खडा म्हणतो, दुर्मीळ पक्ष्याचं पीस म्हणतो. मग सांगतो की बाई गं, हे जग काही फार सुखाची जागा नाही. इथे दमायला होतं, रडायला होतं, तरी म्हणून कोणी जगायचं सोडून दिलेलं नाही. पहिल्यांदा अर्थ लागला तेव्हा मी त्या खोलीत सगळ्यांसमोर रडले. माझ्या बापाने मला कधी समोर बसवलं नव्हतं. इकडे यायला निघाले तेव्हा विमानतळावर ते एवढंच म्हणाले होते, "टिकीट सांभाळ."

बाबा शाळेत मराठी शिकवायचे. त्यांचा आवाज असा, की वर्गातला धडा रस्त्यावर ऐकू जायचा. त्या आवाजाने त्यांनी नागपूरच्या किती पिढ्यांना कविता पाठ करायला लावल्या. घरी मात्र मौन. फोनवर "तब्येत बरी आहे? बरं, आईला देतो," एवढ्यावर आमचं बोलणं आटपायचं. म्हणून हे भाषण वाचायला दुसऱ्या कोणाचं नाव माझ्या मनातही आलं नाही. मला कॅसेट हवी होती, हे खरंच. पण त्याहून, हे शब्द त्यांच्या तोंडून माझ्या कानावर पडायला हवे होते. दुसऱ्या कोणाचे म्हणून का होईना.

भाषांतर होत आलं आणि आईचा फोन आला. बाबांचा आवाज दिवाळीपासून बसला होता. घशात गाठ निघाली होती, कॅन्सरची. स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे बोलता नाही येणार गं त्यांना," आई म्हणाली.

नवऱ्याने नुकतीच कंपनी बदलली होती. आमचे व्हिसाचे अर्ज अडकलेले. वकील म्हणाला, देश सोडलात तर परत यायचा शिक्का कधी मिळेल सांगता येत नाही. नवरा म्हणाला, "तू जा, इकडचं मी मॅनेज करतो." मी बॅग काढली. तेव्हा बाबा स्वतः फोनवर आले. आवाज कसला, तवा खरवडल्यासारखं काहीतरी. "ऑपरेशन माझं आहे. तू येऊन काय करशील? संसार नको मोडू." मी त्यांचं ऐकलं. बॅग पुन्हा पलंगाखाली सरकवली आणि दिवसभर दिसेल त्याच्यावर चिडत राहिले.

मग मी भाषांतर हाताने स्वच्छ लिहिलं. नवऱ्याने ऑफिसात स्कॅन करून ईमेल केलं आणि आईने सायबर कॅफेतून छापून आणलं. ऑपरेशन सोमवारी होतं. शनिवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या रात्रीच्या जेवणाआधी, मी फोन लावला. स्पीकर चालू केला, शेजारी टेपरेकॉर्डर ठेवला. त्यांनी वाचायला सुरुवात केली की बटण दाबायचं, असं ठरवलं होतं.

"बाबा, कागद मिळाला ना?"

"मिळाला." खोकला. "पहिलीच ओळ. 'हे अमूल्य रत्ना'. ही हाक कोण मारतं मुलीला? नाटकात मारतात."

"मुळात तसंच आहे, बाबा."

"मुळात असेल. मुळातल्या बापाला ते शोभत असेल. तू मराठी बापाच्या तोंडी घालून राहिली. पुढे, हे दुःखाचं. 'व्यथित', 'क्लांत'. बाप बोलतो का कीर्तनकार? पोरगी समोर बसली आहे. तिला कळलं पाहिजे ना."

मागून आई म्हणाली, "अहो, पाणी प्या. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलं आहे."

ते थांबले नाहीत. ओळीमागून ओळ घेत गेले. हा शब्द जड, हे वाक्य लांब, इथे श्वास कुठे घ्यायचा. मध्येच आवाज तुटायचा, नुसती हवा यायची, मग पुन्हा लागायचा. मी बटणावर बोट ठेवून बसले होते. त्या माणसाजवळ शेवटचा थोडका आवाज उरला होता आणि तो माझी वही तपासण्यात चालला होता. माझा तोल सुटला. मी ओरडले, "बाबा, चुका नका काढू! जसं आहे तसं वाचा ना एकदा!"

मग ते म्हणाले, "वाचण्यासारखं नाही झालं अजून. पुन्हा कर. नीट झालं की वाचीन."

"सोमवारी..."

"सोमवारी काय आहे मला माहीत आहे. पुन्हा कर." आणि त्यांनी फोन आईकडे दिला.

बटण दाबायची वेळच आली नाही. त्यामुळे त्या दिवशीचा त्यांचा आवाज कुठेच नाही.

ऑपरेशन नीट झालं. सगळे म्हणाले, जीव वाचला हे काय कमी आहे. कमी नव्हतं, पण मला ते वाक्य ऐकवेना. बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हातबीत ठेवला नाही. विचारलं, "त्यांनी काढलेल्या चुका बरोबर आहेत का?" बरोबर होत्या. राग तर त्याचाच होता. मी मूळ भाषणाला दागिने घालून नाचवलं होतं. बाप नावाचा माणूस त्यात कुठे नव्हताच.

मग ते करण्यात माझं वर्ष गेलं. खडा आणि पीस काढून टाकता येत नव्हते, कारण तेच तर त्या बापाचं प्रेम होतं. पण ते असे म्हणायला हवे होते की कमी बोलणाऱ्या माणसालाही म्हणताना लाज वाटू नये. एकेक ओळ मी स्वयंपाक करताना बाबांच्या जुन्या आवाजात मनात म्हणून बघायचे. दर वेळी तो आवाज थोडा कमी आठवायचा, आणि मला त्याची भीती वाटायची. आमचे अर्ज तसेच पडून होते. वर्ग हळूहळू ओस पडला. खोकला वाढल्यावर बाईंनी लायब्ररीत येणं बंद केलं.

नवी प्रत पाठवली तेव्हा नागपुरात उन्हाळा सुरू झाला होता. पोचली का विचारायला फोन केला. बाबा आता गळ्याच्या छिद्रातून श्वास घ्यायचे आणि लागेल ते पाटीवर लिहायचे. आई म्हणाली, कागद मिळाला, दोन दिवस लाल पेन घेऊन बसले होते.

"खूप खुणा केल्या?" मी विचारलं.

"एकही नाही. थांब, काहीतरी खूण करतात." रिसीव्हर कुठेतरी घासला. आईचा आवाज लांबून आला, "अगं, ते चष्मा लावून ताठ बसले आहेत. शाळेत बसायचे तसे. कागद हातात धरला आहे आणि मला फोन त्यांच्या तोंडाशी धर म्हणतात."

मी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. कुलरची घरघर येत होती. तिच्यात मधूनमधून एक शिट्टीसारखी हवा येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती.

"वाचून राहिले गं," आई म्हणाली. "ओठ हलतात. ऐकू येतं का तुला?"

"येतंय," मी म्हणाले. "त्यांना सांग, सगळं ऐकू येतंय."