नानांचा ब्लॉक

त्या मंगळवारी नानांनी स्वतःच्या जठराचा तुकडा स्वतः कापला. ब्लॉकसोबतच्या कागदावर त्यांचंच नाव होतं. त्यांनी सेक्शन काढलं, काचेवर घेतलं, रंगवलं आणि स्लाइड डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी अहवाल आला. कर्करोग होता.

नाना धुळ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा आणि त्या ब्लॉकचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप, म्हणजे सेक्शन, काढायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मी जळगावला संशोधन करत होते. रीतसर परवानगी घेऊन जुने ब्लॉक मागायला गेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोन तास नुसतं बसवून ठेवलं. ब्लॉक बर्फावर गार होत होते. मी घड्याळाकडे पाहिलं तशी म्हणाले, "घाई करी ते मेण फाटस, ताई."

माझा विषय त्यांनी समजून घेतला. पेशीतल्या आरएनएवर बारीक रासायनिक खुणा असतात. काही जनुकं त्या लावतात, काही पुसतात, काही वाचतात. जठराच्या कर्करोगात ही जनुकं किती काम करतात यावरून एक आकडा काढायचा, आणि त्यावरून जास्त जगणाऱ्यांचा नि कमी जगणाऱ्यांचा गट वेगळा होतो का ते पाहायचं. नाना हसले. "मंग हाई ते तलाठीनं दप्तर शे! एक लिखस, एक खोडस, एक वाचस. आन मरस कोन? खातेदार!"

मी एखाद्या स्लाइडवरून काही अंदाज केला की चष्मा कपाळावर चढवून ते म्हणत, "एक सेक्शनवरथीन बठ्ठा माणूस समजत नही."

केमो सुरू झाल्यावरही ते कामावर येत. एकदा मला म्हणाले, "मना ब्लॉक बी लाव तुना मशीनमा."

"नाना, तो आकडा शेकडो लोक मिळून खरा असतो. एकट्यासाठी नसतो."

"माले ठाऊक शे. तरी लाव."

कारण त्यांचा मुलगा होता. सुनील मस्कतला नोकरीला. वर्षातून एकच रजा. श्रावणात घरी कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याच्या गव्हाच्या रोटांना सगळं घर जमतं. त्याला कानबाईला बोलवायचं की दिवाळीला, एवढंच नानांना ठरवायचं होतं.

त्यांचा आकडा चांगल्या गटात पडला. मी त्याच दिवशी बस पकडून धुळे गाठलं.

"दिवाळीलाच येऊ द्या त्याला, नाना."

"पक्कं?"

"पक्कं."

एका सेक्शनवरून अख्खा माणूस कळत नाही, हे नेहमीचं वाक्य ते त्या दिवशी बोलले नाहीत. मलाही आठवलं नाही.

कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू घेतात. सुनीलच्या नावाचेही घेतले. नानांना घास उतरत नव्हता. "पोट शे का सासू? काहीच पसंत पडत नही इले!" ते म्हणाले, आणि बायका हसल्या. त्यानंतर नवव्या दिवशी नाना गेले. सुनील पोहोचला तेव्हा घरात फक्त अस्थींचा कलश होता.

मी सगळी आकडेमोड पुन्हा केली, दोनदा. चूक सापडली नाही. किती रुग्ण अजून जिवंत आहेत हे दाखवणाऱ्या आलेखात चांगल्या गटाची रेषाही पहिल्या महिन्यापासून पायरीपायरीने उतरते. तो आलेख मीच काढला होता, त्यातली प्रत्येक पायरी म्हणजे गेलेला एक माणूस, हे इतरांना समजावून सांगितलं होतं. प्रबंधात स्वच्छ लिहिलं होतं की हा आकडा एखाद्या रुग्णाला सांगण्यासाठी नाही. हल्ली पुस्तक उघडते, दोन पानं वाचते, उठते, खिडकीपर्यंत जाऊन परत येते.

सुनील दर शुक्रवारी मस्कतहून फोन करतो. "ताई, बाबाच म्हणाले होते, दिवाळीला ये," असं दर वेळी सांगतो. मी ऐकून घेते. ते मी ठरवलं होतं, हे त्याला अजून माहीत नाही.