पिवळ्याचा आवाज

चित्रकार बाई सकाळी दहाला प्रेसमध्ये येणार होत्या आणि नाना पावणेनऊपासून स्वच्छ रोलर पुसत होते. तिसऱ्यांदा फडकं घेतलं तेव्हा ताई म्हणाली, "नाना, सालटं निघेल त्याचं."

ताई म्हणजे मशीनच्या दुसऱ्या टोकाला छापून आलेले कागद उचलणारी, ते सारखे करणारी आणि मधूनमधून नानांची फिरकी घेणारी. बावीस वर्षं चार रंगांचं ऑफसेट मशीन नानाच चालवत होते. मशीन आपल्याशिवाय चालत नाही असं नाना म्हणत, आणि नाना मशीनशिवाय चालत नाहीत असं त्यांची बायको म्हणे.

मालकांनी आठवडाभर आधीच बजावलं होतं. "बाई अवघड आहेत. आधीच्या प्रेसमधून चित्रांच्या पुस्तकाचं काम उचलून इथं आणलंय. शाई वाढवा, कमी करा असं सरळ बोलत नाहीत. रंग बेसूर झालाय म्हणतात! त्यांचं बोलणं कळलं नाही तर हे पुस्तक गेलं, आणि मग नाना, मला मशीनवर दुसरा कोणी बघावा लागेल." एवढं बोलून मालकांनी कागद कापायच्या मशीनकडे नजर टाकली.

त्या मशीनशेजारी एक स्टूल होतं. साधं लाकडी, एक पाय डुगडुगणारं. पण वाघाला भ्यावं तसे नाना त्याला भ्यायचे. नानांचे वडीलही याच धंद्यातले. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी महिनाभर रजेवर गेले आणि परत आले तर मशीनवर दुसराच माणूस उभा. वडिलांना अशाच एका स्टुलावर बसवून कागद मोजायला लावलं. रिटायर होईपर्यंत ते तिथून उठले नाहीत.

आणि नानांच्या पान्या-पेचकसांच्या डब्यात, अगदी तळाशी, सहा महिन्यांपूर्वीची एक चिठ्ठी चौघडी घालून पडली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकत आलेला. फिकट पिवळा आणि पांढरा यांतला फरक आता कळणार नाही, ऑपरेशन लवकर करून घ्या, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. ती चिठ्ठी मालकांनी पाहिली नव्हती, ताईनं नाही, आणि बायकोनंही नाही.

मग सहा महिने काम निभावलं कसं? कानांनी. शाई जास्त झाली की रोलर चटचट वाजतात, गूळ खाल्लेल्या तोंडासारखे. कमी पडली की नुसते कोरडे फिरतात. आणि बरोबर बसली की बारीक सळसळ येते, नव्या कापडाची घडी मोडावी तशी. नाना लांब पेचकसाचं टोक मशीनच्या लोखंडाला लावत, मूठ कानामागच्या हाडाला टेकवत आणि डोळे मिटून पिवळ्याची शाई लावत. शाई मोजायचं यंत्र होतं, पण ते वर्षापूर्वी बिघडून मालकांच्या कपाटात विश्रांती घेत होतं. औषधांची खोकी आणि बिस्किटांची वेष्टनं यांना कान पुरेसा होता. चित्रांचं पुस्तक ही वेगळीच भानगड होती.

म्हणून नाना अभ्यासाला बसले. त्यांची बायको प्राथमिक शाळेत चित्रकला आणि संगीत दोन्ही शिकवायची, कारण दोन वेगळे शिक्षक ठेवायची शाळेची तयारी नव्हती. तिच्या पाचवीच्या पुस्तकातले शब्द नानांनी रद्दी कागदांच्या वहीत उतरवले. रोज जेवताना परीक्षा.

"पोत?"

"हात फिरवला तर खडबडीत लागेल की गुळगुळीत, ते."

"छटा?"

"एकाच रंगाची पोरंबाळं."

"अर्धा मार्क. ताल आणि लय यांत फरक काय?"

नानांनी घास गिळला. "ताल मोजता येतो. तो किती घाईत आहे, ती लय."

"अहो, शाळेत असताना का नाही झालात एवढे हुशार?"

"तेव्हा मास्तरीण तू नव्हतीस."

बायको हसली. हे सगळं कशासाठी चाललंय ते तिला ठाऊक नव्हतं. नानांचा बेत सरळ होता: डोळ्यांचं उणं तोंडानं भरून काढायचं.

बाई दहाच्या ठोक्याला आल्या. साठीच्या, उंच, नखांच्या कडांना रंग. त्यांनी मूळ चित्र दिव्याखालच्या टेबलावर ठेवलं. एक खोली. पांढरी भिंत, पांढरी चादर, खिडकीला पांढरा पडदा. नानांना तरी एवढंच दिसलं.

"हे चित्र आधीच्या लोकांनी मारलं," बाई म्हणाल्या. "सगळी खोली या पडद्यावरच्या उन्हावर उभी आहे. ऊन मंद्रात लागलंय. जरा चढलं की ओरडतं, उतरलं की खोली मेली. कळतंय का?"

"मंद्र म्हणजे खालचं सप्तक," नाना म्हणाले. "हळू, पण सुरात."

बाईंच्या भुवया वर गेल्या. मालकांनी पाठीमागून नानांच्या दंडाला चिमटा काढला. खुशीचा.

मशीन सुरू झालं. आधी तीन रंग जागच्या जागी बसवायचे आणि पिवळा शेवटी सोडायचा, अशी रीत. त्यामुळे ताईनं दोन गठ्ठे केले होते. डावीकडे पिवळा सुरू होण्याआधीचे वाया गेलेले कागद, उजवीकडे पिवळ्यासकटचे. नानांनी पेचकस कानाला लावला, पिवळ्याची शाई कमीजास्त करणारे स्क्रू एकेक करून पिळले, सळसळ आली तसे थांबले. ताई नवा कोरा कागद आणायला गोदामात गेली.

"ताजा कागद दाखवा बघू," बाई म्हणाल्या.

कागद नेहमी ताई हातात द्यायची. नाना दोन गठ्ठ्यांसमोर उभे राहिले. दोन्हींवर तीच खोली, तीच चादर, तोच पडदा. डावा कुठला आणि उजवा कुठला, हे ताईनं सांगितलं होतं का? सांगितलं असेल. नाना तेव्हा पेचकस लावून डोळे मिटून उभे होते. बाई वाट बघत होत्या. नानांनी एक कागद उचलला, दिव्याखाली पसरला, आणि वही पाठ म्हणायला सुरुवात केली.

"अग्रभाग स्थिर आहे. पार्श्वभूमी मागं सरकलीय. चादरीचा पोत उठलाय. आणि पडद्यावरचं ऊन... छटा उबदार, तोल बरोबर. मंद्रात लागलंय."

बाई कागदाकडे बघत राहिल्या.

"कुठलं ऊन?"

ताई कागद घेऊन आली ती थेट टेबलापाशी. "अहो नाना, हा तर आधीचा! यात पिवळा आहेच कुठं?" बोलून झालं आणि मग तिनं नानांचा चेहरा पाहिला.

बाईंनी उजव्या गठ्ठ्यातला एक कागद काढला. दोन्ही कागद हातांत घेऊन पाठीमागं नेले, अदलाबदल केली आणि शेजारी शेजारी ठेवले. "आता सांगा. ऊन कशात आहे?"

"घाईगडबडीत होतं हो असं," मालक हसले.

"मी त्यांना विचारतेय."

नाना वाकले. एक पडदा पांढरा. दुसरा पडदा पांढरा. अंदाज ठोकला तर निम्मी शक्यता होतीच. सहा महिने नाना तेवढ्यावरच जगले होते. पण अंदाज बरोबर आला तरी पुढं तीन हजार कागद होते, आणि प्रत्येकावर हा पडदा होता. कापायच्या मशीनचं पातं खाली आलं, धप्प. नानांना ते स्टूल न बघताही दिसलं.

"मला दिसत नाही," नाना म्हणाले. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत."

मालक पुढं आले. "सहा महिने काय छापलंत मग तुम्ही?"

"जे छापलं ते परत नाही आलं, मालक."

"पिवळा कशावर लावलात?" बाईंचा आवाज चढला होता. "माझं चित्र आहे ते. अंदाजपंचे?"

"कानावर."

बाईंना ती थट्टा वाटली. नानांनी पेचकस उचलून दाखवला. "ताईला एखादा स्क्रू हलवू द्या. मी पाठ करून उभा राहतो."

नाना मशीनकडे पाठ करून, पेचकसाचं टोक लोखंडाला आणि मूठ कानामागं लावून उभे राहिले. ताईनं पिवळ्याचा एक स्क्रू सैल सोडला. नानांच्या चुका काढायला ती कधी कचरली नव्हती, पण आज त्यांची चूक निघायला तिला नको होती.

"वाढला," नाना म्हणाले. "अजून वाढतोय. आता पीळ. अजून. थांब." थोडं ऐकलं. "हां. इथं होता तो मघाशी."

ताईनं कागद काढून दिला. बाईंनी तो आधीच्या शेजारी ठेवला, भिंग लावलं, पडदा बघितला, चादर बघितली. इतका वेळ बघितला की मालकांनी दोनदा घसा साफ केला.

"जुळतोय," बाई म्हणाल्या. "पण दोन्ही वेळा अर्धा सूर वर आहे. बरोबर कुठं थांबायचं ते तुमच्या कानाला कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा."

बाईंनी भोवती पाहिलं आणि कापायच्या मशीनशेजारचं ते डुगडुगणारं स्टूल स्वतः ओढून नानांच्या मशीनपाशी आणलं. पाचपर्यंत त्या त्यावरून हलल्या नाहीत. दर शंभर कागदांनी त्या बघायच्या, "उतरवा" किंवा "पुरे" म्हणायच्या, आणि नाना डोळे मिटून उतरवायचे. मंजूर कागदावर बाईंनी सही केली. कौतुकाचा एक शब्द काढला नाही.

बाई गेल्यावर मालक म्हणाले, "नाना, सोमवारपासून मशीनला हात लावायचा नाही. आधी डोळे. महिनाभर ताई चालवेल."

"आणि महिन्यानंतर?"

"महिन्यानंतर शाई मोजायचं यंत्र दुरुस्त झालेलं असेल. त्याच्याशी तुमचे डोळे जुळले तर मशीन तुमचं." नाही जुळले तर काय, हे मालक बोलले नाहीत. स्टूल अजून मशीनपाशीच होतं.

घरी बायकोनं ताट वाढता वाढता विचारलं, "काय, किती मार्क?"

नानांनी सगळं सांगितलं. चिठ्ठीही ताटाशेजारी ठेवली. बायकोनं ती वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून तारीख वाचली.

"पोत सांगितलात, छटा सांगितलीत," ती म्हणाली, "आणि हा एक शब्द सांगायला जीभ अडकली होती? सहा महिने?" तिचे डोळे भरले होते, पण फोन तिनंच पुढं सरकवला. "लावा. आत्ता, माझ्यासमोर."

नानांनी दवाखान्याचा नंबर लावला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, आधी कुठला डोळा करायचा?

"उजवा," नाना म्हणाले. मग थांबून हळूच विचारलं, "किती दिवसांनी पिवळा दिसेल हो?"