शंखातली घरधनीण

नातीनं परवा मालवणहून शंख आणला. नाकाशी धरला तर खारट, मासळीसारखा वास आला, आणि मी थेट बेंबळीच्या आमच्या देवघरात जाऊन पोचले.

मी तेव्हा नवी सून. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, त्यामुळं कोकणातले एक मास्तर गावात बदलून आले होते. त्यांची बायको हळदीकुंकवाला आली, तेव्हा सासूबाईंनी तिला कौतुकानं देवातला शंख दाखवला. "काशीचा हाय. डोंगरात घावतो म्हनं."

"नाही हो काकू, ह्यात समुद्रातली मोठी गोगलगाय राहते," ती सहज बोलली. "आम्ही खोबरं वाटून तिचं कालवण करतो."

माझ्या हातातला करंडा तसाच राहिला. आता सासूबाई मास्तरांच्या बायकोला घराबाहेर काढणार आणि शंख विहिरीत टाकणार! त्यांनी शंख उलटा केला, आत डोळा लावून पाहिलं आणि हळूच विचारलं, "लागती कशी गं?"

त्या दिवसापासून शंखात पाणी भरण्याआधी त्या त्यावर बोटानं टकटक करायच्या. "घरधनिनीला इचारल्याबिगर पानी कसं वतावं?" मी तोंडाला पदर लावून हसायचे.

आज नातीचा शंख भरताना माझंच बोट त्यावर टकटक वाजलं, आणि मागं नात खुदकन हसली.