करणीच्या विहिरीचा सर्च

“गोऱ्याला घिऊन माघारी जावा, वकीलबाई. जमीन मिळायची न्हाई.”

हिराबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. आत या म्हणाल्या नाहीत, पाणीही विचारलं नाही. माझ्यामागे पीटर कार्नी टोपी हातात घेऊन हसऱ्या चेहऱ्याने उभे होते. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, त्यामुळे आपण चोर ठरलोय याचा त्यांना पत्ता नव्हता.

“बाई, जमिनीसाठी नाही आलो. तुमच्या रानातली विहीर फक्त बघायची आहे.”

“आज हीर बघाल, उद्या मोजणी आणाल,” असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

मी त्यांना दोष देत नाही. जुन्नर-आंबेगावात वकील आणि परका माणूस जोडीने बांधावर दिसले, तर शहाण्या माणसाने दार लावूनच घ्यावं. मी जुन्नर कोर्टात वकिली करायची आणि माझं बरंचसं काम टायटल सर्चचं. म्हणजे कोणी जमीन विकत घेणार असेल, तर ती आधी कुणाची होती, त्याच्याकडे कुणाकडून आली, वारस कोण, भानगड कुठे, हे मागे मागे जात शोधायचं. माणसांचे पूर्वज शोधायचं काम मी कधी केलं नव्हतं. ते माझ्याकडे आलं मंचरच्या शांतिलालशेठमुळे.

शांतिलालशेठ कापडाचे व्यापारी. घराणं मूळचं मारवाडातलं, पण शेठ बोलणार अस्सल आंबेगावचं. त्यांचा पुतण्या ऑस्ट्रेलियात पर्थला नोकरीला होता. पीटर त्याचे शेजारी, निवृत्त शाळामास्तर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. उन्हाळ्याची कोर्टाला सुट्टी लागली आणि शेठचा फोन आला.

“मॅडम, पावणं आल्यात. खापरपणज्याचं गाव हुडकायचंय. आमचा भाट कसा राजस्थानातनं येऊन सात पिढ्या वाचून दाखवतो, तसा ह्यांना भाट न्हाई राव. तुमीच व्हा.”

दुकानाच्या गादीवर बसून पीटरनी सगळं सांगितलं. त्यांचे खापरपणजोबा मायकेल कार्नी आयर्लंडचे. तिकडे मोठा दुष्काळ पडला, माणसं किड्यामुंगीसारखी मेली, तेव्हा हा तरुण फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आला. फौज सुटल्यावर रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर झाला. मुलं इथेच वाढली, नातवंडं रेल्वेत लागली आणि स्वातंत्र्यानंतर सगळं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघून गेलं.

“मग तुम्ही आयर्लंडला का नाही गेलात?” मी विचारलं.

“जाऊन आलो. तिथे पहिला प्रश्न विचारतात, पॅरिश कुठली? म्हणजे कुठल्या चर्चचं गाव. जन्माच्या नोंदी चर्चनिहाय आहेत. मायकेल कार्नी नावाची माणसं ढिगाने सापडली. त्यातला आमचा कोणता?”

हे मला लगेच समजलं. गावाचं नाव न सांगता तलाठ्याकडे सातबारा मागण्यासारखंच होतं ते. खापरपणजोबांचं थडगं किंवा एखादा दगड सापडला, तर त्यावर मूळ गाव असेल, एवढी पीटरना आशा होती. परदेशात मेलेली आयरिश माणसं दगडावर आपलं गाव कोरून ठेवायची म्हणे.

“ते वारले कुठे?”

“घरात ‘गोरेगाम’ म्हणायचे. मुंबईचं गोरेगाव पाहिलं. कोरेगाव म्हणून एक आहे, तेही पाहिलं. काही नाही.”

“घरात आणखी काय सांगायचे? कितीही फालतू असू दे.”

ते थोडं लाजले. “माझे आजोबा एक गोष्ट सांगायचे, पण ती बहुतेक खोटी आहे. त्यांचे वडील लहानपणी डोंगरातल्या एका हिंदू देवळात गेले होते आणि तिथे चर्चची घंटा टांगलेली होती.”

शांतिलालशेठ गिऱ्हाइकापुढे थान उलगडत होते. ते तिथूनच म्हणाले, “खोटी कशाला? भीमाशंकरला हाय की. वसईच्या लढाईत पोर्तुगिजांकडनं आणल्याली.”

अशा घंटा महाराष्ट्रात आणखीही देवळांत आहेत. पण भीमाशंकरच्या वाटेवर कुठलं गाव लागतं? घोडेगाव. आयरिश जिभेवर घोडेगावचं गोरेगाम व्हायला कितीसा वेळ लागतो?

मी हे इंग्रजीत सांगताच पीटरनी माझा हात धरून जोरजोरात हलवला. मी त्यांना म्हटलं, “थांबा. हा पुरावा नाही, हा नुसता अंदाज आहे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही घोडेगावला गेलो. मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. रानांना नावं असतात. मालक बदलतो, नाव राहतं. साहेबाचा मळा, साहेबाची पट्टी असं काही आहे का, म्हणून जो भेटेल त्याला विचारत सुटले. कार्नीसाहेब म्हणून पाहिलं, गोरा ओव्हरसियर म्हणून पाहिलं. म्हातारी माणसं पीटरकडे कौतुकाने बघायची आणि मान हलवायची. थडग्याचं तर कुणी नावच ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला एका वाडीपाशी चहाला थांबलो. वाडीचं नाव सांगत नाही. जुन्या रस्त्याची खूण कुठे दिसते का, असं मी चहावाल्याला विचारलं. त्याने ओढ्याकडे हात केला.

“जुना रस्ता त्यो काय. पण त्या बाजूनं नका जाऊ बाई. तिकडं करणीची हीर हाय.”

पीटर बशीतून चहा प्यायला शिकत होते. त्यांची बशी तशीच थांबली. “ते काय म्हणाले? त्यांनी माझं नाव घेतलं.”

“नाही हो. करणी म्हणजे जादूटोणा. चेटूक.”

“पण त्यांनी माझं नाव घेतलं,” ते पुन्हा म्हणाले. “पुन्हा विचारा त्यांना.”

मी चहावाल्याला विचारलं. त्याने खाली बसून सावकाश सांगितलं. लई जुनी हीर. पायऱ्यांची, चिरेबंदी. आत एका दगडावर मंतर कोरलेला. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की दिसतो. कुणीतरी कुणावर तरी करणी करून तो दगड बसवला. तिचं पाणी कुणी पीत नाही, गुरंसुद्धा नेत नाहीत.

“तू पाहिलास मंतर?”

“म्या कशाला बघू? बघणाऱ्याचं वाटोळं व्हतं.”

आणि विहीर ज्यांच्या रानात, त्या हिराबाई. नवरा वारलेला, मुलगा दत्तू लग्नाचा. वाडीत पोर आजारी पडलं की लोक त्या घराकडे बघायचे. दत्तूसाठी दोन ठिकाणी पसंती झाली होती, पण ‘करणीवाल्यांचं घर’ हे कळल्यावर पाहुणे परत फिरले ते फिरलेच.

आता मलाही घाई झाली. पण नुसता उच्चार जुळला म्हणून काय झालं? करणी हा आपल्याकडे पुरेसा जुना शब्द आहे. दगड पाहिल्याशिवाय काहीच खरं नव्हतं, आणि दगड होता हिराबाईंच्या रानात. म्हणून आम्ही त्यांच्या उंबऱ्याशी गेलो आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दार लागल्यावर मी ओट्यावरच बसून राहिले. पीटरना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, “त्यांना सांगा, मला एक इंचही जमीन नको.”

“सगळे तेच म्हणतात,” मी म्हटलं.

मग मी दाराकडे तोंड करून मोठ्याने बोलले. “हिराबाई, ह्या पाहुण्याचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. तुमचं घ्यायला तयार आहे, फुकट. एकदा तुमची वकील झाले की तुमच्याविरुद्ध ह्याच्या बाजूने मला उभं राहता येत नाही. राहिले तर माझी सनद जाईल.”

आत कडी वाजली. मग दार किलकिलं झालं.

“सनद म्हंजी?”

“वकिलीचा परवाना. माझं पोट.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “आन मंग उद्या ह्यो दुसरा वकील करील.”

“करू दे. त्याच्याशी भांडायला मी आहे ना.”

दत्तू आतून बाहेर आला. “आये, सही करून टाक. वकील मिळतोय फुकटचा.” हिराबाईंनी अंगठा दिला. कोरी वकीलपत्रं माझ्या पिशवीत कायम असायची.

विहिरीभोवती घाणेरीचं रान माजलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूने कोयत्याने वाट केली. वाडीतली माणसं लांब, आंब्याखाली येऊन उभी राहिली. दत्तू पुढे, त्याच्यामागे पीटर, मग मी. पायऱ्या शाबूत होत्या. पाणी तळाला, हिरवंगार. त्याच्या थोडं वर भिंतीत एक वेगळा, गुळगुळीत दगड बसवलेला दिसला. त्यावर शेवाळ आणि चुनखडीचं पुट. दत्तूने नारळाच्या काथ्याने तो घासला.

आधी क्रूस दिसला. मग इंग्रजी अक्षरं एकेक करून उघडी पडली. वरची ओळ पीटरनी बोट फिरवत वाचली: ब्रिजेट कार्नी, गाव किलमरी. खाली लहान अक्षरात एवढंच, की तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा, तिचा मुलगा मा. का. याने ही विहीर बांधली.

पीटर पायरीवर बसले. शेवाळाच्या बोटांनीच ते डोळे पुसायला लागले. दत्तूने गळ्यातला पंचा काढून त्यांच्या हातात दिला.

“काय लिवलंय?” वरून हिराबाईंनी विचारलं.

“ह्यांच्या खापरपणजोबांनी आपल्या आईच्या नावानं विहीर बांधली.”

“आई हितं आली व्हती त्याची?”

“नाही. ती तिकडेच वारली असणार. दुष्काळ होता.”

हिराबाई वरच्या पायरीवर बसल्या. “मंग त्यानं हितं लोकांस्नी पानी केलं.”

“हो.”

“आन करणी?”

“त्याचं आडनाव होतं, बाई. कार्नी.”

आंब्याखालून कुणीतरी हसलं. हिराबाई हसल्या नाहीत. “माजी सासू मरस्तवर कुणाच्या बारशाला गेली न्हाई. पोराला नजर लागंल म्हून बोलवायचेच न्हाईत तिला.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “आडनाव व्हय.”

त्या कळशी घेऊन खाली उतरायला लागल्या, तेव्हा मीच अडवलं. इतक्या वर्षांचं साचलेलं पाणी. पुढच्या आठवड्यात दत्तूने इंजिन लावून विहीर उपसली. नवीन झरा फुटला तेव्हा हिराबाईंनी पहिली कळशी भरली आणि आंब्याखालच्या मंडळींसमोर त्या पाणी प्यायल्या. माझ्या मागे गावच्या शाळेचे गुरुजी उभे होते. त्यांनी तांब्या पुढे केला. मग बाकीचे.

पीटर तोवर परत गेले होते. पुढच्या वर्षी मंचरच्या सायबर कॅफेतून शांतिलालशेठ त्यांच्या ईमेलची प्रिंट घेऊन आले. किलमरी नावाची गावं तिकडे एकापेक्षा जास्त निघाली, पण आईचं नाव ब्रिजेट आणि मुलगा मायकेल अशी जोडी एकाच ठिकाणी जुळली. मायकेलच्या थोरल्या भावाचे वंशज अजून तिथेच शेती करतात. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या एकच सांगणं होतं, की धाकटा फौजेत गेला आणि आईला विसरला. पीटरनी त्यांना दगडाचा फोटो दाखवला. घरातल्या म्हातारीने तो चुलीवरच्या फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी लावलाय, असं त्यांनी लिहिलं होतं. हिराबाईंना ते वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बरं झालं. पोरगा सुटला बोलण्यातनं.”

मायकेलचं थडगं आम्हाला सापडलं नाही. विहिरीला वाडीतले लोक अजूनही करणीचीच विहीर म्हणतात. नाव काही बदललं नाही.

त्याच साली माघात पेठ गावाकडचे एक गृहस्थ माझ्या ऑफिसात आले. मुलीसाठी दत्तूचं स्थळ पाहिलं होतं, आणि त्या घरची वकील मी, हे त्यांना कळलं होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

“बाई, घर कसंय? त्या हिरीचं काय तरी ऐकलंय.”

“बरोबर ऐकलंय,” मी म्हटलं. “एका मुलानं आईच्या नावानं बांधलेली आहे. पाणी गोड आहे. लग्नाआधी एकदा पिऊन या.”

ते पिऊन आले, आणि वैशाखात लग्न झालं. करणीतलं कार्नी मला ऐकू आलं नव्हतं, पीटरना आलं; म्हणून मी तेव्हापासून एक नियम केला. कुठल्याही सर्चला जाताना पक्षकाराला बरोबर नेते आणि चहाच्या दुकानात निदान तासभर बसवते. त्याला भाषा येत नसली तरी चालतं.