गाडीच्या सावलीतली सिंहीण

दुष्काळात ऊसच उरला नाही, त्यामुळे आमचा सहकारी साखर कारखाना बंद पडला आणि तिथे फिटर असलेले माझे यजमान केनियातल्या साखर कारखान्यात नोकरीला गेले. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला आणि सासूबाईंना महिनाभरासाठी बोलावून घेतलं. केज आणि बीड सोडून फारसं कुठं न गेलेल्या आम्ही दोघी एका सुट्टीच्या दिवशी यजमानांसोबत सिंह बघायला जंगलात निघालो.

भर दुपारी एक सिंहीण तीन पिल्लं घेऊन आली आणि आमच्या जीपच्या सावलीत आडवी झाली. मी घाबरून सासूबाईंना खेटून बसले. इतक्यात ड्रायव्हरच्या वायरलेसवर निरोप आला, की जवळच झाडावर बिबट्या आहे.

यजमान म्हणाले, "लगेच जाऊ. बिबट्या सहजासहजी दिसत न्हाई."

सासूबाईंनी त्यांचा दंड धरला. "गाडी हलली तर लेकरायला ऊन लागंल. लेकुरवाळी हाय ती, निजू दे तिला."

यजमानांनी ते सांगताच ड्रायव्हर हसला आणि इंजिन बंद करून मागे टेकला. तासभर आम्ही पिल्लांचं दूध पिणं बघत राहिलो. माझी भीती कधी गेली, ते कळलंच नाही.

ऊन कलल्यावर सिंहीण पिल्लांसह गवतात गेली, तेव्हा आम्ही निघालो. बिबट्या अजून फांदीवरच होता, चारी पाय खाली सोडून गाढ झोपलेला.

"लई निवांत हाय की ह्यो," म्हणत सासूबाई पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. तो जागा होईल म्हणून मी त्यांना गप्प करत होते, पण मलाही हसू आवरेना.